‘जॉन बार्लीकॉर्न मस्ट डाय’ ऐकताना काहीच हाती लागत नसेल, तर क्रिस वुडच्या मागे जा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नाट्यसंगीत, ख्याल आणि जुन्या हिंदी गाण्यांवर वाढलेले. मित्राने त्यांना ट्रॅफिक या इंग्लिश बँडचा 1970 चा ‘जॉन बार्लीकॉर्न मस्ट डाय’ हा अल्बम ऐकायला सांगितला. वर्णन असं केलं, की रॉक आहे, पण त्यात लोकसंगीत आणि जॅझ दोन्ही मुरलेलं आहे. यांनी तीनदा ऐकला. ते लिहितात: “पहिल्या गाण्यात सात मिनिटं कोणी गातच नाही. पाचवं गाणं एकदम वेगळंच, जणू दुसऱ्या कोणाच्या रेकॉर्डमधून उचलून आणलंय. बाकीचं कानावरून वाहून जातं. लोकसंगीत कुठे, जॅझ कुठे, ते मला सापडत नाही. ऐकायचं तरी काय? की मला या संगीताचा कानच नाही?”

कानाची शंका आधी बाजूला ठेवा. ज्यांना पाचवं गाणं वेगळं आहे हे न सांगता कळलं, त्यांचा कान शाबूत आहे. अडचण मित्राने दिलेल्या वर्णनात आहे. ‘लोकसंगीत आणि जॅझ मुरलेला रॉक’ असं ऐकल्यावर आपल्याला वाटतं, प्रत्येक गाण्यात तिन्ही चवी एकत्र असणार. आपल्याकडे फ्युजन म्हणून जे ऐकवलं जातं त्यानेही हीच सवय लावली आहे: तबला आला, गिटार आली, दोघांची सवाल-जवाबाची बैठक झाली, टाळ्या. या अल्बममध्ये तसं होत नाही. इथे जॅझकडे झुकलेली गाणी वेगळी आहेत, लोकगीत एकच आहे आणि ते एकटं आहे, आणि उरलेला भाग सरळ रॉक आहे. सगळीकडे सगळं शोधायला गेलात तर काहीच सापडणार नाही. मग हा एक अल्बम कसा, हा खरा प्रश्न. त्याचं माझं उत्तर आहे: बँडमध्ये सॅक्सोफोन आणि बासरी वाजवणाऱ्या क्रिस वुड या माणसामुळे.

पुढे जाण्याआधी, कशावर काय अवलंबून आहे तेही सांगतो. तुम्ही कुठे आणि कशावर ऐकता याने फार फरक पडतो. मोबाइलच्या स्पीकरवर या रेकॉर्डचा खालचा अर्धा भाग, म्हणजे बेस आणि ऑर्गनचे खर्जातले सूर, जवळजवळ पुसला जातो. मग जे उरतं ते खरंच पातळ लागतं. साधे हेडफोन पुरतात, महागडं काही नको. गाडी चालवताना किंवा काम करताना ऐकलंत तर पाचवं गाणं तेवढं टिकेल, कारण त्याला कथा आहे, बाकी निसटेल. आणि तुमच्या कानाची घडण कोणती, यावर सुरुवात कुठून करायची ते ठरतं. माझ्याकडे दर महिन्याला काही मंडळी जमतात, आम्ही एक रेकॉर्ड सलग ऐकतो आणि मग बोलतो. हेवी मेटल ऐकून आलेल्या मुलांना मी हा अल्बम पहिल्यापासून लावतो. ख्याल ऐकणाऱ्यांना पाचव्या गाण्यापासून. तुमच्यासाठीही तेच करू.

थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय रचना कळत नाही. स्टीव्ह विनवुड हा बर्मिंगहॅमचा, 1948 चा जन्म. शाळकरी वयातच स्पेन्सर डेव्हिस ग्रुपमध्ये गायचा आणि ऐकणाऱ्यांना वाटायचं, हा कोणी अमेरिकेतला पोक्त कृष्णवर्णीय गायक असणार. 1967 मध्ये त्याने जिम कपाल्डी, क्रिस वुड आणि डेव्ह मेसन यांच्यासोबत ट्रॅफिक काढला. बर्कशरमधल्या एका खेड्याजवळच्या घरात राहून ते दिवसरात्र वाजवायचे. दोनेक वर्षांत बँड मोडला. विनवुड 1969 मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टन आणि ड्रमवादक जिंजर बेकर यांच्याबरोबर ब्लाइंड फेथ या बँडमध्ये गेला. तेही वर्षभर टिकलं नाही. 1970 च्या सुरुवातीला तो एकट्याचा अल्बम करायला स्टुडिओत शिरला. त्याचं नावही ठरलं होतं, ‘मॅड शॅडोज’. (ते नाव वाया गेलं नाही, निर्माता गाय स्टीव्हन्सने त्याच वर्षी ते मॉट द हूपल या दुसऱ्या बँडच्या अल्बमला दिलं.) दोन गाणी जवळपास एकट्याने वाजवून झाल्यावर विनवुडने कपाल्डीला बोलावलं, मग वुडला. एकट्याचा अल्बम ट्रॅफिकचा झाला, मेसनशिवाय.

म्हणजे ही तीन माणसांची रेकॉर्ड आहे. कपाल्डी ड्रम वाजवतो आणि बहुतेक शब्द त्याचे. वुड सॅक्सोफोन आणि बासरी वाजवतो. गायन, पियानो, ऑर्गन, गिटार आणि बेससुद्धा विनवुडकडे. एकावर एक थर चढवत ध्वनिमुद्रित केलेलं. एकूण सहा गाणी, सुमारे 35 मिनिटं. तुम्ही ऐकताय त्या आवृत्तीत याहून जास्त गाणी असतील तर सहाव्यानंतर थांबा. नंतरच्या आवृत्त्यांत न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमधलं थेट कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण जोडलेलं असतं. चांगलं आहे, पण पहिल्या ओळखीत ते गोंधळ घालतं.

आता पाचवं गाणं, ‘जॉन बार्लीकॉर्न’. हे पारंपरिक इंग्लिश लोकगीत आहे, काही शतकं जुनं. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने अठराव्या शतकात त्याचं स्वतःचं रूप लिहिलं, त्याच्याही कितीतरी आधीपासून ते छापील पत्रकांवर विकलं जात होतं. कथा अशी: पश्चिमेकडून तीन माणसं येतात आणि शपथ घेतात की जॉन बार्लीकॉर्नला मारायचं. ते त्याला नांगरून जमिनीत गाडतात, वर ढेकळं टाकतात, मेला म्हणून जाहीर करतात. पाऊस पडतो आणि हा डोकं वर काढतो. उन्हाळ्यात फिकट पडतो, त्याला लांब दाढी येते, तो पुरुष होतो. मग विळेवाले येऊन त्याला गुडघ्यात कापतात, कमरेला बांधतात, काट्यांनी काळजात भोसकतात, गाडीवर टाकून खळ्यावर नेतात, काठ्यांनी हाडापासून कातडं सुटेपर्यंत झोडपतात आणि शेवटी चक्कीवाला त्याला दोन दगडांच्या मध्ये भरडतो.

जॉन बार्लीकॉर्न म्हणजे जव, आपण ज्याला सातूही म्हणतो. गाडणं म्हणजे पेरणी, दाढी म्हणजे कुसळं, कमरेला बांधणं म्हणजे पेंढी, झोडपणं म्हणजे मळणी. शेवटी तो प्याल्यात मद्य होऊन येतो आणि सगळ्यांत बलवान ठरतो, कारण त्याच्याशिवाय ना शिकाऱ्याला शिंग फुंकता येतं, ना कल्हईवाल्याला भांडं सांधता येतं. शेत पाहिलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या बैठकीत एक बाई सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, “हे तर नाथांच्या भारुडासारखं, वरून एक नि आतून दुसरं.” इंग्रजी समीक्षकांनी पानंच्या पानं लिहून जे सांगितलं ते एका वाक्यात आलं.

ऐकताना लक्ष कशावर ठेवायचं ते सांगतो. चाल प्रत्येक कडव्याला तीच आहे. मुखडा-अंतरा नाही, चढती लय नाही, सूर खुलवत नेणं नाही. ओव्या म्हणताना जशी एकच चाल फिरत राहते तसं. त्यामुळे ‘आता गाणं कुठे जाणार’ याची वाट पाहिलीत तर कंटाळाल. त्याऐवजी प्रत्येक कडव्याला काय नवीन आलं ते पाहा. सुरुवातीला फक्त गिटार, बोटांनी छेडलेली. मग आवाज. बासरी लगेच येत नाही, आणि आल्यावरही आवाजावर चढत नाही. ओळ संपली की जी जागा राहते तिथे शिरते. नंतर कपाल्डीचा दुसरा आवाज जोडीला येतो, खंजिरी येते, पियानो येतो. एवढंच. पहिल्यांदा ऐकताना मी लोकांना कडव्यागणिक एक-एक शब्द कागदावर लिहायला सांगतो: “गिटार”, “बासरी”, “दुसरा आवाज”. शाळकरी वाटतं, पण कान गोळा होतो.

विनवुडचा गळाही पाहा. जिथे जिथे गातो तिथे बाकी सगळीकडे तो ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गाण्याच्या वळणाने गातो: सूर ओढतो, खरखर आणतो, ओळीच्या शेवटी हिसका देतो. इथे ते सगळं त्याने खाली ठेवलं आहे. सरळ, जवळजवळ निर्विकार गाणं. कापाकापीची कथा अशा गळ्याने सांगितल्यामुळेच ती अंगावर येते. यात भाव ओतला असता तर गाणं पडलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे गाणं बँडमध्ये आणलं कोणी? क्रिस वुडने. हल शहरातलं वॉटरसन कुटुंब कोणत्याही वाद्याशिवाय, नुसत्या आवाजांवर जुनी इंग्लिश गाणी गायचं. त्यांचा ऋतुचक्राच्या गाण्यांचा ‘फ्रॉस्ट अँड फायर’ हा 1965 चा अल्बम वुडच्या ऐकण्यात होता, तिथून त्याने हे विनवुडला ऐकवलं. आणि गंमत अशी, की बँडमध्ये जॅझकडे सगळ्यात जास्त ओढा असलेला माणूसही हाच. म्हणजे ज्या दोन गोष्टी तुम्ही शोधत आहात त्या दोन्ही एकाच दारातून आत आल्या. म्हणून म्हणतो, त्याच्या मागे जा.

आता पहिल्या गाण्याकडे. ‘ग्लॅड’. तुमची तक्रार, सात मिनिटं कोणी गात नाही. गाणार नाहीच, ते वाद्यांचंच आहे. पियानोवर एक ठसकेबाज तुकडा वाजतो. इंग्रजीत त्याला रिफ म्हणतात, पण तुम्ही त्याला मुखडा समजा, काम तेच करतो. तो येतो, वाद्यं त्याच्याभोवती फिरतात, पुन्हा तो येतो. वुडचा सॅक्सोफोन काही ठिकाणी साधा नाही, विजेच्या उपकरणातून फिरवलेला आहे, म्हणून मध्येच तो सॅक्सोफोन आहे की गिटार असा भ्रम होतो. हाताने वाजवायच्या तालवाद्यांचा जो खळखळाट मागे चालू असतो त्यालाही कारण आहे. 1970 च्या जानेवारीत विनवुड आणि वुड दोघेही जिंजर बेकरच्या एअर फोर्स या मोठ्या ताफ्यात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजवून आले होते. तिथे आफ्रिकी ताल, जॅझ आणि रॉक यांची खिचडी होती.

ख्याल ऐकणाऱ्याची इथे एक खास फसगत होते. आपल्या कानाला विलंबितातून द्रुतात जायची सवय आहे. ‘ग्लॅड’ उलटं चालतं. सुरुवातच द्रुतात, आणि शेवटाकडे लय ओसरते, पियानो एकटा पडतो, जणू मैफल संपल्यावर वादक आपल्याशीच काही वाजवतोय. पुष्कळांना हा भाग ‘संपत आलं’ म्हणून लक्ष काढून घ्यायला लावतो. तिथेच लक्ष द्या, कारण त्यातून न थांबता ‘फ्रीडम रायडर’ सुरू होतं. दोन गाणी मिळून सुमारे तेरा मिनिटांचा एकच पट आहे. तुमचं ॲप दोन गाण्यांमध्ये विराम घालत असेल तर ते आधी बंद करा, आणि गाणी उलटसुलट क्रमाने लावणारं बटण तर हातही लावू नये असं.

‘फ्रीडम रायडर’मध्ये वुड दोन्ही वाद्यं घेतो. सॅक्सोफोनवर सुरुवात आणि मध्ये बासरीची लांब बढत. ही आपली बांबूची बासरी नाही, धातूची, चाव्यांची. बोटं थेट छिद्रांवर नसल्यामुळे मींड आपल्यासारखी निघत नाही. त्याची भरपाई वादक फुंकरीने करतो: श्वासाचा आवाज सुरात मिसळू देतो, कधी जास्त फुंकून सूर फाडतो. पन्नालाल घोष किंवा हरिप्रसादांचा गोलवा मनात ठेवून ऐकाल तर हे ओबडधोबड वाटेल. तो ओबडधोबडपणा मुद्दाम आहे. हीच बासरी पाचव्या गाण्यात किती सभ्य वागते ते आठवा. मी बैठकीत ही दोन गाणी लागोपाठ लावतो, आधी पाचवं आणि मग दुसरं, आणि फक्त बासरी ऐका म्हणून सांगतो. “लोकसंगीत कुठे आणि जॅझ कुठे” या प्रश्नाचं उत्तर त्या बारा-तेरा मिनिटांत कानाला मिळतं. एकच माणूस, एकच वाद्य. एका ठिकाणी शब्दांच्या सेवेला उभं, दुसऱ्या ठिकाणी स्वतःचं म्हणणं मांडायला मोकळं. जॅझने या रेकॉर्डला जे दिलं ते ही मोकळीक आहे.

मात्र जॅझ म्हणून तराजूत घालाल तर वजन कमी भरेल, हेही सांगायला हवं. स्वरसंगती साधी आहे, मुखडा फार बदलत नाही, आणि वुड हा काही थोर जॅझवादक नव्हे. हॅमंड ऑर्गनवर अमेरिकी जॅझवादक जिमी स्मिथ ऐकलेला माणूस विनवुडच्या ऑर्गनला हसणार नाही, पण थक्कही होणार नाही. आणि तुम्हाला जॅझ अगदीच अनोळखी आहे असं समजू नका. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ट्रम्पेट फुंकणारे गोव्याचे चिक चॉकलेट मुंबईच्या हॉटेलांतला जॅझच घेऊन आले होते. तुमच्या जुन्या हिंदी गाण्यांत तो आहेच, फक्त तिथे त्याला दोन कडव्यांच्या मधल्या संगीतापुरती जागा मिळायची. ‘ग्लॅड’ म्हणजे ती मधली जागाच सात मिनिटांची करून टाकलेली, असं धरून ऐका. माझ्याकडच्या बऱ्याच ज्येष्ठ मंडळींची अडचण एवढ्यानेच सुटली.

बाकीची गाणी पटकन. तिसरं, ‘एम्प्टी पेजेस’, हे सगळ्यांत सुबक गाणं. मुखडा लक्षात राहतो, मध्ये विनवुडचा इलेक्ट्रिक पियानो आहे, तो अगदी नेमका. वुडचा सॅक्सोफोन किंवा बासरी इथे नाही. चौथं ‘स्ट्रेंजर टू हिमसेल्फ’ आणि सहावं ‘एव्हरी मदर्स सन’ ही ती एकट्याच्या अल्बमसाठी सुरू झालेली गाणी. चौथ्यात कपाल्डीचा फक्त जोडीचा आवाज, सहाव्यात फक्त त्याचे ड्रम. बाकी सगळं विनवुडचं. तुम्ही लिहिलंत की बाकीचं कानावरून वाहून जातं. कुठलं वाहून जातं ते तपासा. मला वाटतं, हीच दोन असतील. वाईट नाहीत. सहाव्यातला आवाज तर जबरदस्त लागला आहे. पण एकच माणूस सगळी वाद्यं वाजवतो तेव्हा त्याला अडवणारं, उत्तर देणारं कोणी नसतं, आणि ते ऐकू येतं. सहाव्यातला ऑर्गनचा लांब भाग मला कायम दीड-दोन मिनिटं जास्त वाटत आला आहे. अभिजात म्हणून गौरवलेल्या रेकॉर्डमधलं प्रत्येक मिनिट आवडलंच पाहिजे असं बंधन नाही.

शब्दांबद्दल एक. लोकगीताचे शब्द समोर ठेवून एकदा वाचा, तिथे कथा महत्त्वाची आहे. इतर गाण्यांच्या शब्दांमागे आत्ता लागू नका. विनवुड शब्द चावून गातो, इंग्रजांनाही सगळे कळत नाहीत, आणि कपाल्डीची शब्दकळा त्या काळच्या तरुणांची, धूसर वळणाची आहे. सूर आधी बसू द्या.

तर क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी फक्त पाचवं गाणं, शब्द वाचून, दोनदा. दुसऱ्या दिवशी पाचवं आणि लगेच दुसरं, बासरी धरून. तिसऱ्या वेळी मूळ रेकॉर्डची पहिली बाजू, म्हणजे पहिली तीन गाणी सलग, सुमारे 17 मिनिटं, हेडफोन लावून, दुसरं काही न करता. मग चहा घ्या, आणि दुसरी बाजू. एवढं करून ‘ग्लॅड’ अजूनही लांबलचक वाटलं, तर तुमची आवड लोकगीताच्या बाजूची आहे असं समजा आणि पेंटँगल या बँडचा 1969 चा ‘बास्केट ऑफ लाइट’ लावा. त्यात उभा बेस वाजवणारा डॅनी थॉम्पसन आणि ड्रमवरचा टेरी कॉक्स जॅझमधून आलेले आहेत आणि गाणी बहुतेक लोकवळणाची. तुमच्या मित्राने केलेलं वर्णन खरं तर त्या रेकॉर्डला जास्त शोभतं. उलट बासरीची मोकळी बढतच आवडली, तर ट्रॅफिकच्याच 1971 च्या ‘द लो स्पार्क ऑफ हाय हील्ड बॉइज’कडे जा. त्याच नावाचं गाणं बारा मिनिटांच्या आसपास आहे, त्यामुळे ते रात्री जेवणं उरकल्यावर लावलेलं बरं.